तीन महिन्यांच्या आतला दाखला

स्पेनमधल्या आमच्या बेनिमुर्ता गावात येऊन राहिलेल्या इंग्रज म्हाताऱ्यांचे दोन प्रकार आहेत. एक, ग्लेंडा रडॉकचं ऐकणारे. आणि दुसरे, ज्यांना कचेरीत पुन्हा जावं लागतं ते. मी पहिली चार वर्षं दुसऱ्या प्रकारात होतो.

माझं नाव रेमंड स्टॅन्ली बूथ. यातलं स्टॅन्ली आजोबांचं, आईने हौसेने मध्ये घातलेलं. पुढे ते कुणी वापरलं नाही. पण स्पेनमध्ये माणसाला दोन आडनावं असतात, आधी बापाचं, मग आईचं, आणि पुकारताना पहिलं पुकारतात. त्यामुळे दवाखान्यात नर्स दारात येऊन "सेन्योर स्टॅन्ली!" म्हणून ओरडायची आणि मी आपला बाकावर बसून, कोण हा बहिरा स्टॅन्ली, म्हणून इकडेतिकडे पाहायचो. दोनदा माझा नंबर असा गेला. तिसऱ्यांदा ग्लेंडा शेजारी बसली होती. तिने मला कोपराने ढोसलं.

"ऊठ. स्टॅन्ली तूच आहेस."

"मी बूथ आहे."

"बूथ तुझी आई. आता उठतोस का?"

ही आमची पहिली ओळख. त्यानंतर मी तिच्या मंगळवारच्या टेबलाचा कायमचा गिऱ्हाईक झालो.

मंगळवारी सकाळी दहा वाजता पाकोच्या बारबाहेर, तुतीच्या झाडाखाली ग्लेंडा बसायची. पाको दुधाचा चहा करायचा. कपात कोमट दूध आणि त्यात बुडालेली एक दुःखी पुडी, असा तो चहा. आम्ही सगळे वर्षानुवर्षं तो पितो आणि त्याला नावं ठेवतो. ग्लेंडासमोर रंगीत प्लास्टिकच्या फायली असायच्या: रहिवासी कार्डाची पिवळी, गावच्या नोंदणीची हिरवी, औषधपाण्याची लाल. लोक एकेक करून समोर बसायचे. तिचे नियम तीन. मूळ प्रत हातातून सोडायची नाही. प्रत्येक कागदाच्या तीन झेरॉक्स. आणि सही निळ्या शाईनेच. हा तिसरा नियम आमच्या डोक्यात शिरायला फार वेळ लागला, कारण ब्रिटनचा प्रत्येक फॉर्म पहिल्याच ओळीत काळं पेन मागतो. आम्ही जन्मभर काळ्या शाईत वाढलेली माणसं. इथे काळ्या सहीला लोक झेरॉक्स समजतात आणि परत पाठवतात. ग्लेंडाने एकेकाच्या खिशातलं काळं पेन काढून घेऊन निळं खोचलं. शिक्षा म्हणून नव्हे, औषध म्हणून.

एकदा आमच्या डेनिसला कुठल्याशा कामासाठी लग्नाचा दाखला लागला. त्याच्याकडे होता, १९६८ सालचा, चर्चच्या पाद्र्याने हाताने लिहिलेला. कचेरीने तो परत केला. दाखला तीन महिन्यांच्या आतला हवा.

डेनिस टेबलावर हात आपटून म्हणाला, "पंचावन्न वर्षांचं लग्न आहे माझं! आणि ह्यांना ताजं पाहिजे. मासळी आहे का?"

"लग्न जुनं चालतं," ग्लेंडा शांतपणे म्हणाली. "कागद ताजा लागतो. रॉचडेलच्या नोंदणी कचेरीला लिही, नवी प्रत मागव, वर परदेशात चालणारा शिक्का मारून घे, मग इथे सरकारमान्य भाषांतर करून घे. सहा आठवडे."

"आणि तेवढ्यात बायको सोडून गेली तर?"

"मग एक कागद कमी लागेल."

अशी ती. तीस वर्षं ब्लॅकबर्नमध्ये आणि पुढे इथे खालच्या शहरात, घरं विकणाऱ्यांच्या दुकानात तिने नोकरी केली. स्पॅनिश अस्खलित बोलायची, फक्त चाल सगळी लँकाशायरची. ऐकणाऱ्याला वाटावं, बाई रागावली आहे. बहुतेक वेळा ती रागावलेलीच असायची.

हॉवर्ड टनिक्लिफ म्हणजे तिचा माणूस. शाळेत सुतारकाम शिकवायचा. निवृत्त होऊन इथे आला आणि परसातल्या शेडमध्ये जाऊन बसला. भला, सावकाश, डोळ्यांवर बाटलीच्या बुडासारखा चष्मा. कागद या वस्तूशी त्याचं जन्माचं वैर. आम्हा पेन्शनवाल्यांना ब्रिटनहून मधूनमधून पत्र येतं: तुम्ही जिवंत आहात का, साक्षीदाराच्या सहीनिशी कळवा. हॉवर्डने ते पत्र डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली घडी करून घातलं. टेबल स्थिर झालं आणि हॉवर्ड कागदोपत्री मेला. त्याला जिवंत करायला ग्लेंडाला चार महिने लागले. साक्षीदार मी होतो. 'मी या गृहस्थांना प्रत्यक्ष पाहिले' यावर सही करताना ग्लेंडा मला म्हणाली, "नीट बघून घे हं, मला काही खात्री नाही."

तर ही सगळ्यांच्या कागदांची बाई गेल्या वर्षी स्वतःच अडकली.

तिचा उजवा खुबा झिजला होता. दोन वर्षं काठी घेऊन चालत होती, पुढे पुढे तर मंगळवारी टेबलापर्यंत यायलाही मध्ये दोन ठिकाणी थांबायची आणि थांबल्यावर, आपण दुकानाची काच बघतोय, असं दाखवायची. त्या काचेमागे ट्रॅक्टरचे टायर असायचे. अखेर मोठ्या इस्पितळाने नवा खुबा बसवायची तारीख दिली, एकवीस नोव्हेंबर. आणि सप्टेंबरअखेर तिची नोकरी संपली. नोकरी संपली तसं नोकरीवरचं औषधपाण्याचं कार्डही संपलं. स्वतःची पेन्शन सुरू व्हायला अजून दोन वर्षं. इस्पितळाचं पत्र आलं: सतरा नोव्हेंबरपर्यंत चालू कार्ड दाखवा, नाहीतर तारीख दुसऱ्याला जाईल आणि तुम्ही रांगेत शेवटी. रांग दहा महिन्यांची होती. दहा महिने ती पाय ओढत चालू शकली नसती, हे आम्हाला दिसत होतं.

पण आम्ही निर्धास्त होतो. हॉवर्ड पेन्शनवाला. त्याच्या दवापाण्याचा भार ब्रिटन उचलतं आणि त्याच कागदावर त्याच्या बायकोलाही कार्ड मिळतं. असे दहा-बारा जणींचे कागद ग्लेंडाने स्वतःच करून दिलेले.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मी दोघांना गाडीतून खालच्या शहरात नेलं. औषधपाण्याच्या कार्डांच्या कचेरीत खिडकीवर इन्माकुलादाबाई होत्या. या बाईंनी आम्हा सगळ्यांना कधी ना कधी परत पाठवलेलं आहे. पण ग्लेंडाला त्या मानायच्या. पहिलवान पहिलवानाला मानतो तसं.

ग्लेंडाने लाल फाइल उघडली. पासपोर्ट, तीन झेरॉक्स. रहिवासी कार्ड, तीन झेरॉक्स. गावच्या नोंदणीचा दाखला, आठवड्यापूर्वीचा. हॉवर्डचं ब्रिटनचं पत्र. इन्माबाई एकेक कागद उलटत होत्या आणि मान डोलवत होत्या.

"सुरेख. आता लग्नाचा दाखला द्या बाई. तीन महिन्यांच्या आतला."

ग्लेंडाने फायलीत हात घातला. हात आतच राहिला. मग ती म्हणाली, "तो... घरी राहिला."

मी तिच्याकडे पाहतच राहिलो. ग्लेंडा रडॉकचा कागद घरी राहिला! इन्माबाईंनीही चष्म्यावरून पाहिलं, आणि जरा हळू आवाजात म्हणाल्या, "घेऊन या. पंधरा नोव्हेंबरला सकाळी अकराची वेळ देते. त्याआधी एकही रिकामी नाही."

परतीच्या वाटेवर शहर मागे पडलं. मग मागून हॉवर्ड म्हणाला, "सांग त्याला."

"तू सांग."

"मी कशाला सांगू? नाही मी म्हणालो की तू?"

"तुमचं लग्न झालेलं नाही," मी म्हटलं. "मला माहीत आहे."

ग्लेंडा एकदम वळली आणि खुब्यात कळ येऊन ओरडली. "तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. चाळीस वर्षं हडर्सफील्डमध्ये टपाल वाटलंय मी, पाकिटांवर नजर जातेच. तुमच्या पेटीत त्याचं पत्र टनिक्लिफ नावाने येतं, तुझं रडॉक नावाने. इथल्या लोकांना त्यात काही वाटत नाही, इथे बायका नाव बदलतच नाहीत. आपल्या लोकांना वाटतं, ग्लेंडा इथली झाली. पण नाताळात तुझ्या सख्ख्या बहिणीचं कार्ड येतं, त्यावरही दोन आडनावं. बहीण चुकत नाही."

"किती वर्षं माहीत आहे?"

"चौदा."

"आणि बोलला नाहीस?"

"पोस्टमन पाकिटावरचं वाचतो. वाचलेलं बोलत नाही."

हॉवर्ड मागे हसला. ग्लेंडा नाही हसली. तिने खिडकीबाहेर बघत सगळं सांगितलं. बाविसाव्या वर्षी तिचं लग्न झालं होतं. त्या नवऱ्याच्या आईने लग्नाचा दाखला सोनेरी चौकटीत घालून बैठकीत लावला होता. "रोज पुसायचे मी तो. आणि त्याच खोलीत तो माझ्यावर हात उगारायचा. कागद एकदम चोख होता बरं का रे. शिक्का, सही, सगळं. फक्त माणूस खोटा होता." सुटका व्हायला तिला सहा वर्षं लागली. त्यानंतर हॉवर्ड भेटला, आणि तिने ठरवलं, या माणसाच्या आणि आपल्यामध्ये कागद आणायचा नाही. हॉवर्डने तीनदा विचारलं होतं. तिन्ही वेळा नाही.

"मग आता कर," मी म्हटलं. "महिना आहे हातात."

"खुब्यासाठी लग्न करू? मी? बत्तीस वर्षं त्याच्यासाठी केलं नाही आणि आता एका हाडासाठी करू? काय किंमत राहिली त्याची?"

"आणि मी चौथ्यांदा विचारणार नाही," मागून हॉवर्ड म्हणाला. त्याचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. "मी विचारलं आणि ती हो म्हणाली, तर ते मला म्हणाली की खुब्याला, हे मला मरेपर्यंत कळणार नाही."

झालं. दोघंही आपापल्या जागी बरोबर, आणि खुबा मात्र चुलीत. लग्नाविना राहणाऱ्या जोडप्यांची नोंद इथे होते. पण तिला लागणारा एक कागद ब्रिटन देतच नाही आणि उरलेल्यांना सहा महिने लागतात, हे ग्लेंडानेच मला तिथल्या तिथे सांगितलं. मला इतका संताप आला की मी तिसऱ्या गिअरमध्येच घाट चढलो.

पुढचे दोन मंगळवार ती टेबलावर आली, लोकांचे फॉर्म भरले, आणि स्वतःबद्दल चकार शब्द काढला नाही. आता वाटेत तीन ठिकाणी थांबायला लागली होती. मी हॉवर्डच्या शेडमध्ये जाऊन त्याला नाही नाही ते बोललो. तो लाकडाला पॉलिश करत होता. एवढंच म्हणाला, "रेमंड, तो डबा जरा दे." मी बिस्किटांचा एक जुना डबा त्याच्याकडे सरकवला आणि तणतणत घरी आलो.

तिसऱ्या मंगळवारी टेबलापाशी नऊजण होतो. ग्लेंडाने डेनिसचं काम उरकलं, चहाचा घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि खाली मान घालूनच म्हणाली, "पुढचा?"

समोरच्या खुर्चीत हॉवर्ड बसला. इस्त्रीचा शर्ट. हातात निळी फाइल.

"तू काय करतोयस इथे?"

"नंबर आहे माझा. पुढचा म्हणालीस ना?"

त्याने फाइल उघडली आणि एकेक कागद मांडू लागला, ती मांडते तसाच, कडेला कड लावून. त्याच्या जन्माचा दाखला, तीन झेरॉक्स. तिच्या जन्माचा दाखला, तीन झेरॉक्स. दोघांचे पासपोर्ट. मग एक जुना, दुमडलेला, चहाचा डाग पडलेला कागद. ग्लेंडाच्या घटस्फोटाचा.

"हा कुठे मिळाला तुला? मी फेकला होता."

"फेकला होतास. मी उचलला." हॉवर्डने चष्मा पुसला. "तूच म्हणतेस ना, कागद फेकायचा नसतो. तिसऱ्यांदा नाही म्हणालीस ना, त्या आठवड्यात हे सगळं जमवलं. म्हटलं, बाईचा विचार कधी बदलला तर कागदावाचून अडायला नको. डब्यात होतं."

"नऊ वर्षं झाली त्याला!"

"हो. तेव्हा तुझा खुबा ठणठणीत होता."

डेनिसच्या हातातला टोमॅटो लावलेला पाव तसाच राहिला. ग्लेंडाने तो डागाळलेला कागद हातात घेतला, वरच्या झेरॉक्सचा रंग पाहिला. झेरॉक्स पिवळ्या पडल्या होत्या. त्या या महिन्यातल्या नव्हत्या हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं, आणि तिला तर झेरॉक्स बघून दुकान ओळखता यायचं. तिचे डोळे भरून आले. ते तिला मुळीच आवडलं नाही, म्हणून ती खेकसली, "आणि हे शेवटचं काय आहे?"

"जिब्राल्टरचा लग्नाचा अर्ज. तेवढा नवा आहे. सत्तावीस तारखेची वेळ घेतली आहे. तिथे दोन दिवसांत होतं. मी भरलाय, माझी सही केली आहे. तुझी जागा मोकळी आहे. मी विचारत काही नाहीये हं. नुसता फॉर्म तपासून दे."

ग्लेंडाने अर्ज वरपासून खालपर्यंत तपासला. सहीजवळ येऊन बोट थांबलं.

"निळं पेन वापरलंस?"

"निळंच! तुझा नियम."

"अरे गाढवा, जिब्राल्टर आपल्या ब्रिटनचं. तिथे काळं लागतं." ती टेबलाभोवती बघत म्हणाली, "काळं पेन आहे का कुणाकडे?"

हा तिचा होकार होता. आम्हाला तो समजायला एक क्षण लागला. मग नऊच्या नऊ म्हाताऱ्यांनी खिसे आणि पर्सा उपसल्या. नऊ पेनं निघाली, नऊच्या नऊ निळी. चौदा वर्षांच्या तिच्या शिकवणीचं फळ. डेनिस ओरडला, "पाको! पेन! काळं! लवकर आण, बाईचा विचार बदलेल!" पाको आतून, ज्या पेनने तो गल्ल्याच्या फळीवर उधारीच्या खुणा करायचा ते चावलेलं पेन घेऊन धावत आला. हॉवर्डने निळ्यावर काळी सही गिरवली. खाली ग्लेंडाने केली. मग सगळ्यांनी चहा प्यायला, आणि पहिल्यांदाच त्याला कुणी नावं ठेवली नाहीत.

जिब्राल्टरपर्यंत सातशे किलोमीटर मी गाडी चालवली. साक्षीदार मी आणि डेनिस. लग्न अकरा मिनिटांत लागलं. लावणाऱ्या बाईंनी "अंगठी?" विचारल्यावर हॉवर्डने खिशातून ऑलिव्हच्या लाकडाची, पॉलिश केलेली अंगठी काढली, तेव्हा शेडमध्ये मी त्याला बोल लावत असताना तो कशाला पॉलिश करत होता हे मला कळलं आणि मी फार वेळ नाक शिंकरत बसलो. परदेशात चालणारा शिक्का तिथेच मारून घेतला. भाषांतर झालं. तीन झेरॉक्स झाल्या.

पंधरा नोव्हेंबर, सकाळी अकरा. इन्माबाईंनी वर न बघताच सवयीने म्हटलं, "दाखला तीन महिन्यांच्या आतलाच हवा बरं का."

ग्लेंडाने तो खिडकीतून सरकवला. बाईंनी वाचला. पुन्हा वाचला. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं.

"ही प्रत दिल्याची तारीख झाली. मला लग्नाची तारीख हवी."

"तीच आहे."

"एकोणीस दिवस?"

"एकोणीस," ग्लेंडा म्हणाली. तिचे कान लाल झाले होते.

इन्माबाईंनी चष्मा काढला. आता काय विचारतात म्हणून मी खिडकीजवळ सरकलो. पण त्यांनी शिक्का उचलला. "बावीस वर्षं या खिडकीवर मी ताजा दाखला मागते आहे," त्या म्हणाल्या, "आणि प्रत्येक इंग्रज माझ्याशी भांडतो. आज पहिल्यांदा कुणीतरी मागितला तसा घेऊन आलं." आणि त्यांनी शिक्का असा हाणला की शेजारच्या खिडकीवरचा माणूस दचकला. मग खिडकीखालून हात बाहेर काढून त्यांनी ग्लेंडाचा हात दाबला. हे मी स्वतः पाहिलं, लागेल तिथे सही करून देईन.

एकवीसला पहाटे आम्ही इस्पितळात होतो. ग्लेंडाला हिरवा झगा घालून चाकांच्या खाटेवर निजवलं होतं. फायलींशिवाय ती मला फार लहान दिसली. मोठ्या दारापाशी नर्सने हात आडवा केला. "यापुढे फक्त घरचं माणूस. आपण यांचे कोण?"

आजवर हा प्रश्न आला की हॉवर्ड खाली बघायचा, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. आज त्याने खाली बघितलं नाही. त्याने काखेतली निळी फाइल उघडली आणि दाखला नर्ससमोर धरला.

नर्स हसली. "अहो, तोंडी सांगितलं तरी चालतं."

"नाही, घ्या," हॉवर्ड म्हणाला. "शिक्का आहे. भाषांतर आहे. तीन प्रती आहेत."

खाटेवरून ग्लेंडाने मान उचलली. तिला भुलीचं औषध दिलेलं होतं, जीभ जड झाली होती, पण आवाज दाराबाहेर माझ्यापर्यंत आला. "हॉवर्ड! मूळ प्रत देऊ नकोस!"

त्याने झेरॉक्सच दिली. नर्सने बिचारीने ती घेतली आणि दार उघडलं.

नवा खुबा उत्तम चालतो आहे. ग्लेंडा आता मंगळवारी घरापासून टेबलापर्यंत एकदाही थांबत नाही, आणि टायरच्या दुकानाकडे बघतही नाही. दाखला तिने चौकटीत घातलेला नाही, फायलीतही ठेवलेला नाही. मूळ प्रत हॉवर्डच्या शर्टाच्या खिशात असते, चार घड्या करून. दोनदा ती धुण्यात गेली आहे. तिच्या एकाही नियमात हे बसत नाही, आणि ती त्याला एका शब्दाने बोललेली नाही.